घरची स्टीव्हिया: फुलं थांबवा, फांद्या लावा

नर्सरीतून हौसेनं रोप आणायचं, पान चावून "अगं, खरंच गोड आहे!" म्हणायचं, आल्यागेल्याला एकेक पान चाखायला द्यायचं आणि डिसेंबरात कुंडीत वाळक्या काड्या उरल्या की "आपल्या हवेत जगत नाही" म्हणून कुंडी रिकामी करायची. बहुतेक घरांत स्टीव्हियाची, म्हणजे साखरेऐवजी वापरायच्या या गोड पानांच्या झाडाची, गत अशीच होते. खरं तर त्यातली निम्मी रोपं मेलेली नसतात. त्यांना फुलं येऊन गेलेली असतात आणि खोडाजवळचे डोळे जिवंत असतात.

दुसरी अडचण हिशोबाची. एका कुंडीवर घरचा चहा गोड होत नाही. त्याला आठ-दहा कुंड्या लागतात, आणि तेवढी रोपं विकत आणण्यापेक्षा एका रोपापासून करणं स्वस्त आणि सोपं आहे. फुलं थांबवणं आणि फांदीपासून रोप करणं ही दोन कामं जमली की बाकी सगळं तुळशी-पुदिन्याएवढंच.

झाड मूळचं पॅराग्वेचं. तिथले ग्वारानी लोक त्याला "काआ हेए", म्हणजे गोड पाला म्हणतात आणि येर्बा माते हे कडवट पेय त्यानं गोड करतात. मोइसेस बेर्तोनी या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८९९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे १९०५ मध्ये ठरलेल्या स्टीव्हिया रेबाउदियाना या नावातलं दुसरं पद ओविदिओ रेबाउदी या रसायनशास्त्रज्ञावरून आलं. आपल्या कामाची गोष्ट त्याच्या माहेरच्या जमिनीत आहे: रेताड, निकृष्ट, पण खाली सतत ओल असलेली. म्हणून याला ओल हवी असते, पण साचलेलं पाणी चालत नाही. कुंडीत नेमकं इथेच गणित चुकतं.

आधी जमवून ठेवायचं सामान

- १० ते १२ इंची कुंड्या, तळाला किमान तीन-चार भोकं असलेल्या
- लाल माती, गांडूळखत किंवा नीट कुजलेलं शेणखत, कोकोपीट, भरड वाळू
- निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा पावडर (मुळं कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, कृषी सेवा केंद्रात मिळते)
- धारदार कात्री किंवा ब्लेड, पुसायला स्पिरिट
- भोकं पाडलेले चहाचे कागदी कप किंवा लहान काळ्या पिशव्या
- पारदर्शक प्लास्टिकची पिशवी किंवा बूड कापलेली पाण्याची बाटली
- मुळं फुटायची पावडर (रूटिंग हार्मोन), कोवळ्या फांद्यांसाठीची. नसली तरी चालेल
- हिवाळ्यासाठी ९ वॅटचा एलईडी बल्ब आणि जमल्यास टायमर

१. रोप चाखून घ्या

नर्सरीत नावावर विसंबू नका. "मधुपर्णी" मागितलंत तर हातात गुळवेल येऊ शकते, कारण आयुर्वेदात मधुपर्णी हे गुळवेलीचंच एक नाव आहे. "गोड तुळस" म्हटलंत तर सब्जाच्या जातीतलं बेसिल मिळतं. सरळ "स्टीव्हिया" म्हणा.

ओळख सोपी आहे. तुळशीच्या जातीचं खोड चौकोनी असतं आणि पान चुरगळलं की वास घमघमतो. स्टीव्हियाचं खोड गोल आणि बारीक लवदार. पानं समोरासमोर जोडीनं येतात, त्यांच्या वरच्या अर्ध्या कडेला दाते असतात आणि चुरगळली तरी फारसा वास येत नाही. शेवटची परीक्षा जिभेवर: अर्धं पान धुऊन चावा. चार-पाच सेकंदांत गोडी आली पाहिजे आणि ती मिनिटभर तरी रेंगाळली पाहिजे. एकाच रांगेतल्या दोन रोपांच्या गोडीतही फरक असतो, कारण बियांपासून केलेलं प्रत्येक रोप वेगळं निघतं. तीन-चार चाखून सगळ्यात गोड आणि सगळ्यात कमी कडवट असेल तेच उचला. पुढे त्याच्याच फांद्या लावायच्या आहेत, म्हणून इथे घालवलेली दहा मिनिटं सगळ्या कुंड्यांना पुरतात.

फुलं लागलेलं उंच, किडकिडीत रोप घेऊ नका. त्यापेक्षा वीतभर उंचीचं, बुडातून दोन-तीन फुटवे आलेलं रोप घ्या.

२. कुंडी आणि माती

चार भाग लाल माती, तीन भाग गांडूळखत, दोन भाग कोकोपीट, एक भाग भरड वाळू. दहा इंची कुंडीला यात मूठभर निंबोळी पेंड आणि दोन चमचे ट्रायकोडर्मा मिसळा. मातीचा सामू (पीएच) साधारण ६ ते ७.५ असला की पुरे, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक लाल मातीत वेगळं काही करायला नको.

काळी माती वापरू नका. ती पाणी धरून ठेवते, सुकली की भेगाळते आणि भेगेबरोबर बारीक मुळं तुटतात. दुसरं काही मिळतच नसेल तर काळी माती एकचतुर्थांशच ठेवा आणि वाळू दुप्पट करा. कोकणातली जांभ्याची माती निचऱ्याला चांगली, तिला फक्त खत वाढवून द्या.

कुंडीखाली बशी ठेवू नका. मजला खराब होतो म्हणून ठेवावीच लागली, तर पाणी घातल्यावर अर्ध्या तासात रिकामी करा.

३. ऊन आणि पाणी

दिवसाला पाच-सहा तास ऊन हवं. पुण्या-नाशकाच्या हवेत वर्षभर उघड्यावर चालतं. विदर्भ-मराठवाड्यात मार्चअखेरपासून ५० टक्क्यांची हिरवी जाळी बांधा, किंवा सकाळचंच ऊन लागेल अशा पूर्वेच्या गॅलरीत हलवा. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात उन्हापेक्षा पाऊस घात करतो. जून ते सप्टेंबर कुंडी पत्र्याच्या किंवा छज्जाच्या आडोशाला हवी, जिथे उजेड येतो पण पागोळ्या पडत नाहीत.

पाणी मोजून देण्यापेक्षा बोट घालून बघा. मातीचा वरचा इंचभर थर कोरडा लागला की भरपूर पाणी घाला, भोकातून बाहेर येईपर्यंत, आणि मग पुन्हा कोरडा होईपर्यंत थांबा. उन्हाळ्यात हे रोज होईल, थंडीत तीन-चार दिवसांनी.

पानं लोंबली की लगेच पाणी ओतायची सवय या झाडाला मारते. दुपारी दोन वाजता लोंबलेलं झाड संध्याकाळी आपोआप ताठ झालं, तर काही बिघडलेलं नाही. माती कोरडी आणि झाड लोंबलेलं असेल तर पाणी घाला. पण माती ओली असूनही झाड सकाळीही लोंबलेलंच असेल, तर मुळं कुजू लागली आहेत आणि तुम्ही घातलेला प्रत्येक तांब्या त्यात भर घालतो आहे.

आरओ मशीनचं टाकाऊ पाणी बरेच जण झाडांना घालतात. स्टीव्हियाला घालू नका. त्या पाण्यात क्षार साठलेले असतात आणि या झाडाला क्षार सोसत नाहीत. आधी पानांच्या कडा करपतात, मग वाढ थांबते. बोअरचं जड पाणी असेल तर महिन्यातून एकदा कुंडीतून नेहमीच्या दुप्पट-तिप्पट पाणी वाहू द्या म्हणजे साठलेले क्षार निघून जातील.

खत कमीच बरं. महिन्याला मूठभर गांडूळखत आणि प्रत्येक कापणीनंतर चमचाभर निंबोळी पेंड. युरियाच्या वाटेला जाऊ नका. जास्त नत्रानं पानं मोठी, हिरवीगार आणि बेचव होतात.

४. शेंडे खुडा

रोप वीतभर झालं की सगळ्यात वरची दोन पानं आणि शेंडा नखानं खुडा. त्याखालच्या जोडीच्या बगलेतून दोन फांद्या येतील. त्या चार बोटं वाढल्या की त्यांचेही शेंडे खुडा. असं दोन-तीनदा केलं की एका काडीचं झुडूप होतं. खुडलेले शेंडे फेकू नका, चहात घाला. झाडाचं खोड ठिसूळ असतं, वाऱ्यानं बुडाशी कडकन मोडतं, म्हणून झुडूप गोल आणि बुटकं ठेवणं उंच वाढवण्यापेक्षा शहाणपणाचं.

५. फुलांचा बंदोबस्त

स्टीव्हियाला फुलं यायची की नाही हे दिवसाच्या लांबीवर ठरतं. दिवस साधारण १३ तासांपेक्षा लहान झाला की ती फुलाच्या तयारीला लागते. आता आपल्याकडचा दिवस बघा. पुण्यात जूनमधला सगळ्यात मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा, आणि डिसेंबरातला सुमारे अकरा तासांचा. म्हणजे वर्षातला बहुतेक काळ आपल्याकडे तिच्यासाठी फुलांचाच हंगाम. तापमान आणि खत सगळं बरोबर असूनही झाड "मोठंच होत नाही" याचं कारण बहुधा हेच असतं.

फुलं आली म्हणून काय बिघडतं? फुलावर गेलेलं झाड नवी पानं काढायची थांबतं, खालची पानं पिवळी पडून गळतात, उरलेल्या पानांची गोडी उतरते आणि शेवटी फांद्या वाळतात.

कळी ओळखायला शिका. टाचणीच्या डोक्याएवढे हिरवट-पांढरे ठिपके शेंड्याशी झुपक्यानं दिसतात आणि त्यांच्या आसपासची पानं अचानक बारीक, अरुंद येऊ लागतात. फूल उमललं की लहानसं, पांढरं, पाच पाकळ्यांचं दिसतं. तोवर उशीर झालेला असतो. सप्टेंबर ते फेब्रुवारी आठवड्यातून दोनदा झाड बघा.

नुसती कळी खुडून उपयोग नाही. एकदा शेंडा फुलाकडे वळला की त्याच्या शेजारचे डोळेही त्याच वाटेनं जातात आणि आठवड्याभरात पुन्हा कळ्या दिसतात. कळीच्या खाली पानांच्या दोन-तीन जोड्या सोडून फांदी छाटा.

याहून खात्रीचा उपाय बल्बचा. झाडाला दिवस मोठा वाटला पाहिजे, एवढंच करायचं आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी कुंड्यांच्या वर दोन-तीन फुटांवर ९ वॅटचा साधा पांढरा एलईडी टांगा आणि सूर्यास्ताच्या थोडं आधी लावून रात्री साडेनऊपर्यंत चालू ठेवा. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, म्हणजे उजेडाचे एकूण चौदा तासांहून जास्त होतात आणि झाड पानांवर राहतं. हा उजेड वाढीसाठी नाही, फक्त दिवसाची लांबी भासवण्यासाठी आहे. त्यामुळे महागडा ग्रो-लाइट लागत नाही. महिन्याला एक-दीड युनिट वीज जाते. मात्र खंड पडू देऊ नका. दोन आठवडे लावून मग आठवडाभर गावाला गेलात की कळ्या आल्याच म्हणून समजा, त्यासाठी टायमर.

बल्ब नको असेल तर दुसरा मार्ग: डिसेंबरात झाड फुलून वाळू लागलं की जमिनीपासून चार बोटं खोड ठेवून सगळं कापून टाका, पाणी निम्मं करा आणि थांबा. कुंडी रिकामी करायची नाही. फेब्रुवारीत दिवस वाढू लागले की बुडातून जांभळट-हिरवे कोंब येतात, आणि ते कोंब पुढच्या कामाला उत्तम.

(लंडन-टोरंटोकडच्या वाचकांसाठी: तुमच्याकडे उलट आहे. उन्हाळ्यात पंधरा-सोळा तासांचा दिवस असल्यानं झाड जोमात वाढतं आणि फुलं सप्टेंबरच्या आसपास येतात. पण हिमदंशानं ते मरतं, म्हणून पहिल्या कडाक्याआधी कुंडी घरात घ्या. आणि रोप किंवा फांद्या इथून बॅगेत घालून नेऊ नका, तिथल्याच नर्सरीतून घ्या.)

६. एकाची दहा: फांदीपासून रोपं

वेळ: फेब्रुवारीअखेर ते मार्च सगळ्यात चांगली. दुसरी संधी जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर, तेव्हा हवेतच दमटपणा असल्यानं फांद्या सहज धरतात, फक्त आडोसा हवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेली फांदी मुळं सोडायच्या आधी फुलते, त्यामुळे बल्बाखालचं झाड असेल तरच तेव्हा लावा.

फांदी कशी निवडायची: अगरबत्तीएवढी जाड, वाकवली तर वाकणारी, कळी नसलेली. अगदी कोवळा लुसलुशीत शेंडा सडतो आणि बुडाचं तपकिरी लाकूड मुळं काढायला फार वेळ घेतं. मधला हिरवा भाग घ्या. आदल्या संध्याकाळी झाडाला पाणी द्या आणि सकाळी आठच्या आत कापा.

कापणी: कात्री स्पिरिटनं पुसा. आठ ते दहा सेंटिमीटरचा तुकडा घ्या आणि खालचा काप पेराच्या, म्हणजे खोडाला पानं जोडलेली असतात त्या जागेच्या, लगेच खाली द्या, कारण मुळं प्रामुख्यानं पेरातून फुटतात. खालच्या दोन पेरांवरची पानं काढा. वर दोन-तीन जोड्याच ठेवा, आणि त्यातली पानं मोठी असतील तर कात्रीनं आडवी अर्धी करा. फांदीला मुळं नसताना पानांतून पाणी उडत राहतं. पानं जितकी कमी तितकी ती जास्त दिवस तग धरते. कापलेल्या फांद्या लगेच पाण्यात ठेवा, दहा मिनिटंही ओट्यावर पडू देऊ नका.

भरण: कोकोपीट आणि वाळू निम्मी-निम्मी. यात खत घालू नका, जखम झालेली फांदी खतात सडते. विटेचं कोकोपीट असेल तर भिजवून दोन-तीन पाण्यांनी धुवा, त्यात मीठ असतं. ओल किती हवी? मूठभर भरण घट्ट पिळलं तर एक-दोन थेंबच यावेत. धार आली तर पसरून थोडं वाळू द्या.

लावणी: रूटिंग पावडर बाटलीतून बशीत थोडी काढून घ्या, फांदीचं टोक ओलं करून त्यात बुडवा आणि जास्तीची झटका. आधी काडीनं भोक पाडा, मग फांदी ठेवा. नुसती खुपसली तर पावडर वरच पुसली जाते. दोन्ही पानं काढलेली पेरं आत गेली पाहिजेत. बाजूनं बोटानं दाबा. कोरफडीचा गर, मध, दालचिनी हे घरगुती उपाय हौस म्हणून करा, पण ते नाही केले तरी स्टीव्हिया मुळं सोडते.

झाकण: कपावर पारदर्शक पिशवी घाला, पानांना टेकू देऊ नका. उजेड भरपूर, ऊन अजिबात नाही. पिशवीत ऊन शिरलं की तासाभरात फांद्या शिजतात. रोज पाच-दहा मिनिटं पिशवी उघडून हवा द्या. आत दव दिसत असेल तर पाणी घालायची गरज नाही.

आता संयम. पंधरा दिवस फांदी हिरवी दिसली म्हणजे मुळं आली असं नाही, ती साठवलेल्या पाण्यावर जगत असते. उपटून बघू नका. नुकती आलेली केसाएवढी मुळं त्यात तुटतात. दहा-बारा दिवसांनंतर अलगद ओढून बघा, फांदीनं विरोध केला आणि पानांच्या बगलेत नवं कोवळं पान दिसलं तर काम झालं. तीन-चार आठवड्यांत कपाच्या भोकातून पांढरी मुळं डोकावतात.

त्यानंतर पिशवी एकदम काढायची नाही. पहिल्या दिवशी एक तास, मग दोन, मग अर्धा दिवस, असं चार-पाच दिवसांत हवेची सवय लावा. मग कुंडीत लावा, आठवडाभर सावलीत ठेवा आणि हळूहळू उन्हात न्या. दहा लावल्या तर सहा-सात जगतील असं धरून चाला. दहा हव्या असतील तर पंधरा लावा.

पाण्याच्या ग्लासातही मुळं येतात. दर दोन दिवसांनी पाणी बदला आणि मुळं एक-दोन सेंटिमीटरची झाली की लगेच मातीत हलवा. लांब होऊ दिली तर ती पाण्यालाच सरावतात आणि मातीत गेल्यावर तुटतात.

ज्यांना कप-पिशव्यांचा खटाटोप नको त्यांनी दाब कलम करावं: बुडाजवळची आडवी वाढलेली फांदी हळूच वाकवून शेजारच्या कुंडीतल्या मातीत एक पेर दाबा, वर दगड ठेवा, महिन्याभरानं मूळ झाडापासून कापा. एका वेळी दोन-तीनच रोपं होतात, पण बहुतेक जगतात.

७. बियांचं काय?

ऑनलाइन मिळणाऱ्या पाकिटांचा मोह टाळा. बी तिळाहून बारीक असतं, उगवणक्षमता मुळात कमी आणि ती काही महिन्यांत आणखी घटते. शिवाय बहुतेक झाडं स्वतःच्या परागांनी फळत नाहीत; तुमच्या एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेल्या दहा कुंड्या म्हणजे परागीभवनाच्या हिशेबात एकच झाड, त्यामुळे त्यांचं बी पोकळ निघतं. तरी करून बघायचंच असेल तर काळपट, भरीव बी तेवढं निवडा, फिकट टाका. ओल्या कोकोपीटवर नुसतं भुरभुरा, मातीनं झाकू नका, त्याला उजेड लागतो. उगवलंच तर आठवड्या-दोन आठवड्यांत दिसेल, आणि मग प्रत्येक रोप चाखून निवडावं लागेल.

८. कापणी आणि सुकवणं

पहिली कापणी लावणीनंतर तीन-साडेतीन महिन्यांनी. कळ्या दिसायच्या अगदी आधी पानात गोडी सगळ्यात जास्त असते. सकाळी दव सुकल्यावर जमिनीपासून चार-पाच बोटं खोड आणि त्यावर पानांच्या एक-दोन जोड्या ठेवून कापा. सगळं बोडकं केलं तर फूट यायला उशीर होतो. पुढच्या कापण्या दोन-अडीच महिन्यांनी.

फांद्या पाण्यात हलवून धुवा, झटका, पानं ओरबाडून काढा. काड्यांत गोडी फार कमी, त्या कुंडीत आच्छादन म्हणून टाका. पानं सुती कापडावर एकेरी पसरा आणि सावलीत पंख्याखाली ठेवा. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत ती चुरचुरीत झाली पाहिजेत. तीन-चार दिवस लागले तर पानं काळी पडतात आणि चव उतरते. म्हणून पावसाळ्यात कापणी केली तर ओव्हन सगळ्यात कमी तापमानावर, दार किंचित उघडं ठेवून वापरा. बोटात चुरा झाला की काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून अंधाऱ्या फडताळात. मिक्सरमधून एकदम सगळी पूड करू नका, लागेल तशी करा.

आता तो हिशोब. नीट वाढलेल्या एका कुंडीतून एका कापणीला साधारण ६० ते ७५ ग्रॅम ताजी पानं, सुकून १२ ते १५ ग्रॅम. दोन माणसांचा रोज चार कप चहा धरला आणि कपाला ०.४ ग्रॅम पूड, तर महिन्याला पन्नास ग्रॅमच्या आसपास लागते. कुंडीमागे महिन्याला सरासरी पाच-सहा ग्रॅम मिळतात. म्हणून आठ-दहा कुंड्या.

९. स्वयंपाकघरात

सुकं पान साखरेच्या ढोबळमानानं दहा ते पंधरा पट गोड. म्हणजे सपाट पाव चमचा पूड हे एक-दीड चमचा साखरेचं काम करते. याहून जास्त घातलं की गोडी वाढत नाही, कडवटपणा वाढतो. ज्येष्ठमध चघळल्यावर घशात जी चव रेंगाळते, अगदी तशी. पहिल्या आठवड्यात निम्मी साखर आणि निम्मी स्टीव्हिया करा, जिभेला सवय होऊ द्या.

चहात पानं सुरुवातीपासून उकळत ठेवू नका. आलं, चहा पावडर, दूध होऊन गॅस बंद करायच्या आधी दोन मिनिटं घाला. ताजी असतील तर कपाला सहा-सात मध्यम पानं, हातानं फाडून. जास्त उकळलं की कडू रस उतरतो आणि दुधाच्या चहाला गवताळ वास येतो. काळ्या चहाला आणि गवती चहाच्या काढ्याला ही सगळ्यात छान लागते.

सरबतासाठी अर्क करून ठेवा: २० ग्रॅम सुकी पानं, अर्धा लिटर कडकडीत पण उकळी थांबलेलं पाणी, झाकून अर्धा तास. पातळ कापडातून गाळा, पिळू नका. मंद आचेवर निम्मं आटवा, गार करून फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याभरात संपवा. रंग तपकिरी येतो, तो तसाच असतो. यातली गोड द्रव्यं उष्णतेनं किंवा लिंबाच्या आंबटपणानं सहसा बिघडत नाहीत, त्यामुळे लिंबू सरबत आणि पन्हं दोन्ही जमतं.

जिथे साखर गोडीखेरीज आणखी काम करते तिथे स्टीव्हिया हरते. पाक होत नाही, तार येत नाही, म्हणून रव्याचे पाकातले लाडू आणि चिक्की विसरा. मुरांबा टिकतो तो साखरेमुळे, स्टीव्हियाचा मुरांबा बुरसतो. पुरणाला गुळाचा घट्टपणा आणि रंग लागतो. केक कोरडा आणि फिकट राहतो.

१०. तब्येतीचं

स्टीव्हियाच्या पानात साखर नाही, म्हणून ते औषध ठरत नाही. भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१५ साली परवानगी दिली ती पानांतून काढलेल्या शुद्ध गोड द्रव्यांना, म्हणजे स्टेव्हिऑल ग्लायकोसाइड्सना. त्यांची दिवसाची मर्यादा वजनाच्या दर किलोला ४ मिलिग्रॅम स्टेव्हिऑल अशी धरतात, पण ती शुद्ध द्रव्यासाठी. घरच्या पानाला ती जशीच्या तशी लावता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये वजन कमी करण्यासाठी अशा गोडव्यांवर भिस्त ठेवू नका असं सांगितलं, त्यात स्टीव्हियाही आहे.

मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर रोजच्या वापराआधी डॉक्टरांना सांगा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी घरचा अर्क टाळावा. बाजारातलं पाकीट घेताना मागचं बारीक अक्षर वाचा: "स्टीव्हिया" लिहिलेल्या पाकिटात वजनानं जास्त भाग कधी एरिथ्रिटॉलचा, तर कधी डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिनचा असतो. शेवटचे दोन रक्तातली साखर वाढवतात.

११. झाड बिघडलं तर

मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण: लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार-पाच थेंब, चांगलं घुसळून संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूनं फवारा. दर पाच-सहा दिवसांनी तीनदा. फवारल्यावर किमान आठ-दहा दिवस पानं खाऊ नका आणि नंतर धुऊनच वापरा, नाहीतर चहा कडूजहर.

पानं निस्तेज, मागे बारीक जाळी: लाल कोळी, उन्हाळ्यात येतो. आधी पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा, मग निंबोळी तेल.

पानांवर तपकिरी ठिपके: पावसाळ्यातली बुरशी. ठिपक्यांची पानं काढा, कुंड्यांमध्ये हातभर अंतर ठेवा, पाणी पानांवर न घालता बुडाशी घाला.

बुडाशी कापसासारखा पांढरा तंतू आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती खोडकुज. ते झाड वाचत नाही आणि ती माती दुसऱ्या कुंडीत वापरायची नाही. दाणे त्यात बरीच वर्षं टिकतात. माती कचऱ्यात टाका, कुंडी धुऊन उन्हात आठवडाभर वाळवा. पण वरच्या फांद्या अजून हिरव्या आणि ताठ असतील तर त्याच दिवशी, झाड उपटण्याआधी, वरून पाच-सहा तुकडे कापून घ्या आणि नव्या कोकोपीटमध्ये लावा.